फुलपाखरांची वही

आमच्या घरांत वह्या पुष्कळ आहेत. दुधाची वही, इस्त्रीच्या कपड्यांची वही, सासूबाईंची नामजपाची वही, भाऊजींची घरखर्चाची वही. आणि मुलांच्या अभ्यासाच्या वह्या तर मोजण्यापलीकडच्या. या सर्वांत आणखी एका वहीची भर पडली ती 2020 सालच्या आषाढांत, आणि ती माझ्या हातून. तिच्या पुठ्ठ्यावर माझ्या पुतण्यानें मोठ्या अक्षरांत ‘काकूंचीं फुलपाखरें’ असें लिहून ठेविलें आहे. पहिल्या वर्षीं घरच्या मंडळींनीं या वहीची थट्टा केली, दुसऱ्या वर्षीं ती सहन केली, आणि तिसऱ्या वर्षीं तिच्यावरून घरांत वाद झाला. एखादी वही घरांतली झाली हें ओळखण्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाहीं.

आम्ही राहतों गारखेड्यास, छत्रपति संभाजीनगर शहराच्या दक्षिणेकडील भागांत. शहराचें नांव 2023 सालीं बदललें; सासूबाईंच्या तोंडीं मात्र संवयीनें अजून औरंगाबादच येतें. गुलमंडीजवळचा वाडा सोडून त्यांनीं 1981 सालीं येथें बिऱ्हाड आणलें, तेव्हां आप्तेष्ट म्हणाले होते, “अहो, इतक्या लांब रानांत कशाला जातां?” त्या वेळीं येथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं आणि सायंकाळीं गुरें परत येतांना धुरळा उडत असे. आतां येथें क्रीडासंकुल आहे, दुकानें आहेत, चार मजली इमारती आहेत, आणि गारखेडा हें गांवाचें नांव पत्त्यांतील एका ‘परिसरा’पुरतें उरलें आहे. आमच्या घरामागें मात्र लहानसें परस राहिलें होतें. त्यांत कढीलिंब, लिंबू, बेल, सीताफळ, कण्हेर आणि तुळशीवृंदावन. आणि मागल्या दिंडीपलीकडे कोणा परगांवच्या गृहस्थांचा मोकळा भूखंड. त्यांत रुई, टाकळा, एरंड, घोळ असें जें कोणी लावीत नाहीं तें सारें आपोआप वाढलेलें.

ते दिवस टाळेबंदीचे होते. पुरुषमंडळी घरांतूनच कचेऱ्या चालवीत होती, मुलांची शाळा मोबाइलवर भरत होती, आणि आम्हां बायकांच्या वांट्याला अकरा माणसांचा चहा दिवसांतून चार वेळां आला होता. एके दिवशीं सकाळीं आमटीच्या फोडणीसाठीं कढीलिंब तोडावयास मी परसांत गेलें. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सूनबाई, पानांवर पांखरांनीं घाण केली आहे हो, नीट धुऊन घे.” मीं डहाळी नळाखालीं धरली, तों ती घाण चालूं लागली! धाकट्या जाऊबाई जोरानें ओरडल्या, मुलें अभ्यास टाकून धांवत आलीं, आणि फोडणी जळाली. ती घाण नव्हे, अळी होती. काळसर, ओलसर, मध्यें पांढरा पट्टा असलेली. पक्ष्यांना ती आपलीच विष्ठा वाटावी आणि त्यांनीं तिला सोडून द्यावें, अशी ती योजना असते हें मला पुढें कळलें.

मुलांनीं ती डहाळी पाण्याच्या बाटलींत ठेविली. आठवड्याभरांत अळी कात टाकून हिरवीगार झाली. पुतण्यानें तिला काडीनें डिवचतांच मानेमागून तिनें तांबडें दुटोकी शिंग बाहेर काढलें आणि आंबूस वास सोडला. मग एके रात्रीं तिनें काडीला रेशमी धागा बांधला आणि, विजेच्या खांबावर चढणारा तारवाला कमरेला पट्टा बांधून मागें रेलतो, तशी ती रेलून बसली व कोषांत गेली. दहा दिवसांनीं त्यांतून काळें फुलपाखरूं निघालें. मागल्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. अकरा माणसें हातांतलें काम सोडून खिडकीपाशीं उभीं होतीं. जन्म झाल्यावर घर जसें शांत होतें, तसें तें क्षणभर शांत झालें. त्या दिवसापासून माझी वही सुरू झाली.

पहिले दोन महिने त्या वहींत केवळ कौतुक होतें. ‘आज फार सुंदर पिवळें फुलपाखरूं दिसलें’, ‘आज पुष्कळ होतीं’, असला मजकूर. आमचे ‘हे’ बँकेंतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांनीं चष्मा वर करून ती चाळली व म्हणाले, “हा हिशेब नव्हे, ही आरती आहे. कोठें पाहिलें, किती वेळ पाहिलें, तें लिहिल्यावांचून ‘पुष्कळ’ या शब्दाला अर्थ काय?” मला राग आला, पण बोलणें खरें होतें. शोध घेतां कळलें कीं, ही अडचण मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडली होती. इंग्लंडांत अर्नेस्ट पोलार्ड यांनीं तिच्यावर एक साधा उपाय काढला. एक वाट ठरवावयाची; ठरलेल्या दिवशीं, उन्हांत, एकाच संथ चालीनें तीवरून जावयाचें; आणि दोन्ही बाजूंस अडीच-अडीच मीटर व समोर पांच मीटर एवढ्या चौकटींत जें येईल तेवढेंच मोजावयाचें. चौकटीबाहेर कितीही सुंदर फुलपाखरूं असो, तें मोजणींत धरावयाचें नाहीं. 1976 सालापासून त्या देशांत हौशी स्त्रीपुरुष या रीतीनें दरवर्षीं मोजणी करीत आले आहेत. त्यांच्याकडे जाती सगळ्या मिळून साठाच्या आसपास. आपल्या देशांत 2015 सालीं वार्ष्णेय आणि स्मेटाचेक यांनीं जी यादी सिद्ध केली, तींत 1,318 जाती आहेत. मोजणारे हात मात्र आपल्याकडे थोडे.

मींही वाट ठरविली. आमच्या फाटकापासून परसांतून, मागल्या दिंडीनें भूखंडांत, नाल्याच्या कांठानें पुलापर्यंत आणि परत. जावयास व यावयास मिळून तीन पाव तास. दर मंगळवारीं सकाळीं दहा वाजतां, स्वयंपाक आटोपून, पदर खोंचून आणि वही घेऊन मी निघतें. आरंभीं शेजारच्या बायका विचारीत, “काकू, कांहीं हरवलें का?” मी म्हणें, “हरवलें नाहीं. सांपडतें का पाहतें.”

एके दिवशीं पुतण्यानें विचारलें, “काकू, आपल्या गांवांत एकूण किती जाती असतील?” प्रश्न सोपा होता, उत्तर शोधूं लागलें, तों एक निराळाच इतिहास हातीं आला. मुंबईस 15 सप्टेंबर 1883 या दिवशीं आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन निसर्गाचा अभ्यास करणारी एक संस्था स्थापिली. तीच आजची ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’. त्या आठांत दोघे आपले मराठी डॉक्टर होते : प्रार्थनासमाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. उरलेल्यांपैकीं कर्नल स्विन्हो यांनीं 1885 सालीं मुंबई आणि दख्खन येथील पतंग-फुलपाखरांवर निबंध प्रसिद्ध केला. एटकेन हे साताऱ्यास जन्मलेले, जकात आणि मीठ खात्यांतले अधिकारी. त्यांनीं डेव्हिडसन आणि बेल या मित्रांसह कारवारकडे शेंकडों अळ्या पाळून कोणती अळी कोणत्या झाडाचीं पानें खाते हें टिपून ठेविलें. म्हणजे जें आम्हीं एका बाटलींत केलें, तेंच त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. पुढें बिंगहॅम यांचे दोन खंड 1905 आणि 1907 सालीं निघाले, आणि राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य विंटर-ब्लाइथ यांचा ग्रंथ 1957 सालीं.

या मंडळींपैकीं बरेचसे फौजेंत किंवा सरकारी चाकरींत होते. त्यामुळें इंग्रजी नांवें पाहावींत तर तीं सेलर, सार्जंट, कमांडर, बॅरन, नवाब अशीं. जणूं छावणीची हजेरीच! साहेबाची बदली जेथें होई, तेथें त्याचें जाळेंही जाई. मुंबई, पुणें, महाबळेश्वर, कारवार हीं नांवें मला त्या लिखाणांत वारंवार भेटलीं. आमचें गांव क्वचितच. कारण उघड आहे. औरंगाबाद मुंबई इलाख्यांत नव्हतें. 1948 पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी सलीम अली यांनीं 1931-32 सालीं केली, आणि आज आमच्या शहरांतील एका तलावास त्यांचें नांव आहे. फुलपाखरांना तसा पाहुणा लाभला नाहीं. अलीकडे येथील महाविद्यालयांतील अभ्यासकांनीं याद्या करावयास घेतल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट; परंतु घाटमाथ्यावरील मोजणीच्या मानानें मराठवाड्याची पाटी अजून बरीचशी कोरीच आहे.

माझ्या पाहणीचा आधार झाला तो मात्र कोणत्या ग्रंथापेक्षां सासूबाईंच्या देवपूजेचा. आश्चर्य वाटेल, पण खरें आहे. फुलपाखरूं मध पुष्कळ फुलांचा घेतें. त्याची अळी मात्र ठरलेल्या झाडांखेरीज तोंडांत पान धरीत नाहीं. तेव्हां झाड माहीत असलें कीं पाहुणा ओळखतां येतो. शनिवारीं मारुतीला ज्या पानांची माळ घालतात, ती रुई म्हणजे ‘प्लेन टायगर’ या तांबूस फुलपाखराचें माहेर. बेलावर, लिंबावर आणि कढीलिंबावर आमचें पहिलें काळें फुलपाखरूं आणि त्याचीं भावंडें. कण्हेरीवर तपकिरी ‘कॉमन क्रो’; त्याचा कोष चांदीच्या गोट लावलेल्या डूलासारखा चमकतो. दौलताबादच्या ज्या सीताफळांची आपण वाट पाहतों, त्याच्या कोंवळ्या पानांवर हिरव्या ठिपक्यांचें चपळ ‘टेल्ड जे’. कृष्णकमळाच्या वेलावर, पानफुटीच्या कुंडींत, एरंडावर, चिंचेवर, आंब्याच्या बांडगुळावर ज्याचें त्याचें पान ठरलेलें. त्या बांडगुळावर वाढणाऱ्या पिवळ्या-तांबड्या फुलपाखराला मराठींत ‘हळदीकुंकू’ हें किती गोड नांव आहे! महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळानें अशीं मराठी नांवें ठरवून दिलीं, हें फार चांगलें केलें. सासूबाईंना हें सारें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “म्हणजे माझें परस हें त्यांचें स्वयंपाकघर म्हण कीं!”

मोजतां मोजतां माझ्या चुकाही पुष्कळ झाल्या, आणि त्या सांगण्यांत मला संकोच वाटत नाहीं. संध्याकाळीं दिव्याभोंवतीं घरांत शिरणारें एक तपकिरी फुलपाखरूं आहे. पावसाळ्यांत त्याच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांत तेंच हुबेहूब वाळक्या पानासारखें दिसतें. मीं तीं दोन जाती म्हणून लिहिलीं होतीं. खरें कळलें तेव्हां एकेचाळीसांचीं चाळीस झालीं. वय वाढतांना संख्या कमी होण्याचा असा योग विरळा! दुसरी चूक याहून मौजेची. रुईचा चीक खाऊन प्लेन टायगर कडू होतें, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहींत. घोळीच्या भाजीवर वाढणारें एक दुसरें फुलपाखरूं आहे, ‘डॅनेड एगफ्लाय’. त्याचा नर काळा, पांढऱ्या चंद्रांचा. मादी मात्र थेट प्लेन टायगरचें सोंग घेते. वर्षभर मी त्या सोंगाला फसलें. शेवटीं कळलें कीं, खऱ्याच्या मागल्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, तर सोंगाच्या कांठाशीं एकच. आमच्या कढीलिंबावरच्या काळ्या फुलपाखराची मादी तर तीन रूपांत येते आणि त्यांपैकीं दोन रूपें परक्यांचीं. हीं रूपें ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या सत्तेखालीं असतात, हें 2014 सालीं आपले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें. ज्या अळीला आम्हीं घाण समजलों, तिच्या जातींत एवढें शास्त्र भरलेलें!

याच कुंटे यांनीं 1997 सालीं उत्तर सह्याद्रीवरील निबंधांत लिहिलें होतें कीं, फुलपाखरांचा भर पावसाळा सरतां सरतां आणि हिवाळ्याच्या आरंभीं असतो. सह्याद्रीच्या पुष्कळ पूर्वेस, आमच्या कोरड्या मुलखांतही माझ्या वहींत तसेंच उतरलें. वैशाखांतील मंगळवारीं चार-पांच, भाद्रपद-आश्विनांत साठ-सत्तर. पितृपक्षांत माणसें मंगलकार्यें टाळतात. फुलपाखरांचे मात्र तेच लग्नसराईचे दिवस.

आतां त्या वादाविषयीं. 2022 च्या दिवाळींत भाऊजींनीं मोटार घेतली. रस्त्यावर ठेवावी तर रात्रीं कोणी तरी घांसून जाई. असें दोनदां झालें. परसांत फरशी घालून वर पत्र्याचें छप्पर टाकावें, असा त्यांनीं विचार मांडला. त्यांत अन्याय कांहींच नव्हता. घर त्यांचेंही होतें, आणि मोटारींतून शेवटीं सासूबाईंनाच दवाखान्यांत न्यावयाचें होतें. परंतु त्या फरशीखालीं कढीलिंब, लिंबू, सीताफळ सारेंच जाणार होतें. रविवारीं जेवणानंतर सर्व मंडळी बसली. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुमची वही आणा. काय आहे तें सर्वांना कळूं द्या.”

मीं वाचावयास आरंभ केला. जाती किती, कोणत्या झाडावर कोणती, अंडीं कोठें, कोष कोठें. वाचतां वाचतां मी त्या वर्षींच्या भाद्रपदांतील एका मंगळवारापाशीं आलें. तेथें लिहिलें होतें, ‘नीलवंत : 1’. नीलवंत म्हणजे ज्याला पूर्वीं राणी पाकोळी म्हणत, तें मोठें काळें-निळें फुलपाखरूं. 2015 सालीं महाराष्ट्रानें त्याला राज्याचें फुलपाखरूं ठरविलें. असें करणारें हें देशांतलें पहिलें राज्य. त्याची खरी वस्ती सह्याद्रीच्या ओलसर रानांत. मी मोठ्या आवाजांत म्हणालें, “राज्याचें फुलपाखरूं ज्या परसांत पायधूळ झाडतें, त्या परसावर आपण फरशी घालणार का?” सगळे गप्प झाले. भाऊजींनींही मान खालीं घातली. माझी बाजू जिंकल्यासारखी झाली होती.

तेवढ्यांत पुतण्या म्हणाला, “काकू, तो निळा रंग तुम्हांला दिसला होता ना? त्या दिवशीं घरांत आल्यावर तुम्ही ‘बहुतेक’ म्हणाला होतां.”

तेरा वर्षांचें पोर. त्याच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. परंतु तो ‘बहुतेक’ माझ्या वहींत नव्हता. काय घडलें होतें तें मला त्या क्षणीं स्वच्छ आठवलें. तिरप्या उन्हांत कांहीं तरी मोठें काळें भिंतीवरून पलीकडे गेलें होतें. आमच्या कढीलिंबावरचें रोजचेंच काळें फुलपाखरूं असावें. निळा रंग मीं दिला होता. यादींत नीलवंत असावा ही हौस. मग तो सर्वांना सांगण्याची हौस. आणि दोन महिन्यांत माझ्या मनानेंच तो इतका रंगविला कीं मला तो खरा वाटूं लागला. ‘हो, दिसला होता’ एवढे तीनच शब्द उच्चारले असते, तर परस वांचलें असतें. आणि कारणही चांगलें होतें! चांगल्या कारणासाठीं खोटें बोलणें किती सोपें असतें, हें मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं कळलें.

मीं पेन मागून घेतलें. त्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि बाजूस लिहिलें : ‘मोठें काळें, अनोळखी : 1’. मग म्हटलें, “नाहीं रे बाळ, निळा दिसला नव्हता.”

भाऊजींनीं विचारलें, “मग वहिनी, बाकीच्या नोंदी?” प्रश्न बोंचणारा होता, पण रास्त होता. मी म्हणालें, “बाकीच्या पाहिलेल्या आहेत. ही नव्हती.” आणि आंत निघून गेलें. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. परस जाणार याचें दुःख होतेंच. परंतु दोन महिने ती नोंद मीं अभिमानानें मिरविली, याची लाज अधिक होती.

तीन दिवसांनीं भाऊजी मोजण्याची पट्टी घेऊन अंगणांत फिरतांना दिसले. त्यांनीं छप्पर मागें न घालतां घराच्या बाजूस आणि पुढल्या अंगणांत मिळून बसविलें. लिंबाचें झाड मात्र वाटेंत येत होतें, तें गेलें. सासूबाईंनीं त्याच्या शेंवटच्या लिंबांचें लोणचें घातलें. कढीलिंब, बेल, सीताफळ आणि कण्हेर राहिलीं. असें कां केलें, हें भाऊजींनीं सांगितलें नाहीं आणि मींही विचारलें नाहीं. एकत्र कुटुंबांत कांहीं गोष्टी विचारावयाच्या नसतात. फक्त त्या दिवशीं चहांत साखर त्यांच्या आवडीची घालावयाची असते.

पुढल्या वर्षीं हिवाळ्यांत मागला भूखंड विकला गेला. एक यंत्र आलें आणि एका सकाळींत रुई, टाकळा, एरंड, घोळ सारें नाहीसें झालें. दोष कोणाला द्यावा? 1981 सालीं आमचें घर उठलें तेंही कोणाच्या तरी शेतांतच. त्या जागीं आतां चार मजले आहेत आणि त्यांत राहणारीं माणसें चांगलीं आहेत. वाट बदलावयाची नाहीं हा मोजणीचा नियम. म्हणून जेवढें जुन्या वाटेजवळून जातां येतें तेवढें, म्हणजे त्या इमारतीच्या भिंतीलगत, मी चालतें, आणि वाट कोठें वळली तेंही लिहून ठेवतें. पूर्वीं एका फेरींत दहा-बारा प्लेन टायगर दिसत. मग तीन दिसलीं, मग एक. आणि मग एकही नाहीं.

पहिल्यांदा असें झालें, तेव्हां मीं त्या रकान्यांत कांहींच लिहिलें नाहीं. हातच धजेना. रात्रीं ह्यांनीं वही पाहिली व विचारलें, “येथें कोरें कां? गेली नव्हतीस का?”

मी म्हटलें, “गेलें होतें. नव्हतें एकही.”

“मग शून्य लिही. कोरें म्हणजे कोणी पाहिलेंच नाहीं. शून्य म्हणजे पाहिलें आणि नव्हतें.”

इतक्या वर्षांच्या संसारांत ह्यांच्या हिशेबीपणाचा मला पुष्कळदां कंटाळा आला असेल; त्या रात्रीं मात्र मीं निमूटपणें शून्य लिहिलें. ज्या जुन्या ग्रंथांत आमचें गांव मला भेटलें नाहीं, त्यांतली ती रिकामी जागा शून्य नव्हती. ती कोरी होती. येथेंही रुई होती, येथेंही अळ्या पानें खात होत्या. पाहणारें कोणी आलें नव्हतें, एवढेंच. आणि आज जें खरोखर जात आहे, त्याची नोंद न केली तर उद्यां तेंही कोरेंच दिसेल. होतें काय आणि गेलें काय, हें कोणालाच कळणार नाहीं. नसलेला नीलवंत लिहिणें ही जशी लबाडी, तसें गेलेल्याचें शून्य न लिहिणें हीही लबाडीच.

हल्लीं, 2020 पासून, दर सप्टेंबर महिन्यांत देशभर हौशी मंडळी मिळून फुलपाखरांची मोजणी करतात आणि छायाचित्रांसह नोंदी एकत्र ठेवतात. वाचकभगिनींपैकीं ज्यांच्या परसांत अथवा गच्चीवरील कुंडींत कढीलिंबाचें रोप असेल, त्यांनीं फोडणीपूर्वीं एकवार पान उलटून पाहावें. वाट ठरविण्यास रान लागत नाहीं. घराभोंवतींची प्रदक्षिणा पुरते. वही मात्र नियमानें लिहावी, आणि ‘बहुतेक’ वाटलें तर ‘बहुतेक’ असेंच लिहावें.

गेल्या पावसाळ्यांत आमची भिंत आणि नवी इमारत यांमधल्या फटींत एक रोप उगवलें. सासूबाईंनीं आधीं ओळखलें : रुई. घराच्या इतक्या जवळ रुई असूं नये, असें त्या पूर्वीं म्हणत. या वेळीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. भाऊजींनीं पलीकडच्या रखवालदाराला तें उपटूं नये म्हणून सांगितलें आहे. आतां त्याला अकरा पानें आहेत. दर मंगळवारीं पुतण्या आणि मी प्रत्येक पान उलटून पाहतों, आणि घरीं येऊन मी लिहितें : ‘रुईवर अंडीं : 0’.

परवां सासूबाईंनीं माजघरांतूनच विचारलें, “आज आलें का ग कांहीं?”

“नाहीं आई.”

“लिहिलेंस?”

“हो. लिहिलें.”